लिटर आणि किलो : मापाचा व वजनाचा मेळ

शेतकऱ्याचा निम्मा व्यवहार वजनानें होतो व निम्मा मापानें. धान्य क्विंटलानें विकलें जातें, दूध लिटरानें. खत किलोंच्या पोत्यांत येतें, औषध मिलिलिटरांच्या बाटलींत. तेलाचा डबा कोठें किलोचा असतो तर कोठें लिटराचा. वाळू व गाळ ब्रासनें मोजतात आणि तलावांतलें पाणी घनमीटरांनीं. ब्रास सोडल्यास हीं सर्व मापें एकाच मेट्रिक पद्धतींतलीं असल्यामुळें तीं परस्परांत सहज बदलतां येत असतील, असा समज होणें साहजिक आहे. 'एक लिटर म्हणजे एक किलो' हें वाक्य तर गांवोगांव इतकें रूढ झालें आहे कीं, त्याविषयीं शंका घेणारालाच लोक वेड्यांत काढतात. वास्तविक हें वाक्य पाण्यापुरतेंच खरें आहे. इतर पदार्थांना तें लावलें कीं एकाचे पैसे दुसऱ्याच्या खिशांत जातात. आणि जाणारे पैसे बहुधा शेतकऱ्याचे असतात, कारण माप व भाव हे दोन्ही ठरविणारा समोरचा असतो.

महसूल खात्याच्या कारकुनींत आमच्या आयुष्याचीं बरींच वर्षें गेलीं. आकडा बरोबर असूनही त्यापुढचें एकक चुकल्यामुळें हिशोब कसा फिरतो, हें आम्हीं तेथें पुष्कळदां पाहिलें. सबब वजन व माप यांचा परस्परसंबंध काय, एकाचें दुसरें कसें करावें, आणि शेतकऱ्याच्या रोजच्या देवघेवींत याचा उपयोग कोठें होतो, याचा विचार या लेखांत करावयाचें आम्ही योजिलें आहे. यासाठीं गुणाकार, भागाकार व दशांश चिन्ह एवढें समजलें म्हणजे पुरे.

वजन निराळें, माप निराळें

पदार्थ तराजूंत घातला असतां जें कळतें तें वजन. तो किती जागा व्यापतो हें भांड्यानें मोजलें असतां जें कळतें तें माप, अथवा आकारमान. आपल्या जुन्या पद्धतींत या दोहोंना पुष्कळदां एकच नांव असे. वजनी शेर ऐंशी तोळ्यांचा व चाळीस शेरांचा मण. मापी शेर याहून निराळा : दोन निळव्यांचें एक कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी. म्हणजे शेरही दोन आणि मणही दोन. ज्वारीचा मापी मण व भाताचा मापी मण तराजूवर घातले तर ते कधींच सारखे भरत नसत. त्यांत पुन्हां माप शिगेचें कीं सपाट, हा तंटा असेच. घेतांना शीग लावावयाची व देतांना फळी फिरवून माप सपाट करावयाचें, ही रीत जुन्या पिढीच्या तोंडून पुष्कळांनीं ऐकली असेल.

१९५६ सालीं आपल्या देशांत वजनें व मापें यांच्या मानकांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनें टप्प्याटप्प्यानें चालू झालीं, आणि १९६२ पर्यंत शेर व मण यांचा व्यापारांतील कायदेशीर अंमल संपला. सांप्रत २००९ चा वैध मापन कायदा लागू असून तो १ एप्रिल २०११ पासून अंमलांत आहे. जुना हिशोब लावावयाचा झाल्यास तोळा ११.६६ ग्रॅमांचा, ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमांचा व मण ३७.३२ किलोंचा धरावा. म्हणजे एका क्विंटलांत सुमारें २.६८ मण बसतात. सराफकट्ट्यावर हल्लीं ज्याला 'तोळा' म्हणतात तो १० ग्रॅमांचा आहे, हेंही ध्यानांत असावें.

नव्या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण असा कीं, तिनें वजनाला ग्रॅम व मापाला लिटर अशीं स्वतंत्र नांवें दिलीं. जुन्या दोन शेरांचा गोंधळ त्यामुळें मिटावयास हवा होता. परंतु 'लिटर म्हणजे किलो' असें म्हणून आपण तोच गोंधळ नव्या नांवांनीं पुन्हां घरांत घेतला आहे.

दोन कोष्टकें

प्रथम दोन्ही जातींचीं कोष्टकें निरनिराळीं पाठ करावीं.

वजनाचें कोष्टक :
१००० मिलिग्रॅम = १ ग्रॅम
१००० ग्रॅम = १ किलोग्रॅम
१०० किलोग्रॅम = १ क्विंटल
१० क्विंटल = १ टन

मापाचें कोष्टक :
१ घन सेंटिमीटर = १ मिलिलिटर
१००० मिलिलिटर = १ लिटर
१००० लिटर = १ घनमीटर

दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच असा डबा केला तर त्यांत बरोबर एक लिटर मावतो. एक मीटर लांब, रुंद व उंच अशा हौदांत एक हजार लिटर मावतात. एकाच कोष्टकांत वरखालीं जावयाचें असेल तेव्हां फक्त दशांश चिन्ह सरकवावें लागतें. २.५ लिटर म्हणजे २५०० मिलिलिटर. ७५० ग्रॅम म्हणजे ०.७५ किलो. हें काम सोपें खरें, पण तितकेंच घातकी. चिन्ह एक घर चुकलें कीं रक्कम एकदम दहापट होते अथवा दशांश उरते. २.५ मिलिलिटरांच्या जागीं २५ मिलिलिटर तणनाशक पडलें तर पीक करपून गेल्यावर चूक कळते.

आतां एका कोष्टकांतून दुसऱ्या कोष्टकांत जावयाचें असेल तर? केवळ दशांश चिन्ह सरकवून तें होत नाहीं. तेथें एक पूल लागतो, व प्रत्येक पदार्थाचा पूल निराळा असतो.

पाण्याचा दुवा

१७९५ सालीं फ्रान्समध्यें मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला, तेव्हां एक घन सेंटिमीटर पाण्याचें जें वजन तो एक ग्रॅम, असें ठरविण्यांत आलें. अर्थात् एक लिटर पाण्याचें वजन एक किलो आलें. हा कांहीं निसर्गाचा नियम नव्हे. सोयीसाठीं माणसांनीं पाण्याला प्रमाण मानलें, एवढेंच. पुढें या व्याख्या अधिक काटेकोर झाल्या. १९६४ पासून लिटर म्हणजे एक घन डेसिमीटर अशी व्याख्या आहे, व २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या भौतिकशास्त्रांतील एका अचल संख्येवरून केली जाते. तथापि शेतकऱ्याच्या कामापुरता पाण्याचा दुवा पूर्वीसारखाच पक्का आहे. उन्हाळ्यांत ३० अंश उष्णतेच्या पाण्याचा लिटर ९९६ ग्रॅम भरतो. चार ग्रॅमांच्या या फरकाकडे आपण दुर्लक्ष करूं शकतों.

या दुव्यामुळें पावसाचा हिशोब फार सुलभ होतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर तें पाणी एक लिटर, म्हणजे एक किलो. एक हेक्टर दहा हजार चौरस मीटरांचें, तेव्हां एक मिलिमीटर पावसानें हेक्टरावर दहा हजार लिटर, म्हणजे दहा टन पाणी पडतें. २५ मिलिमीटरांचा एक बरा पाऊस म्हणजे हेक्टरीं अडीच लाख लिटर. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल असें शेततळें, बाजूंचा उतार एकास एक धरला असतां, वर ३० व तळाशीं २४ मीटर राहतें. त्यांत २१९६ घनमीटर, म्हणजे २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावतें. वर्तमानपत्रांत धरणांच्या बातम्यांत जो 'टी.एम.सी.' शब्द येतो तो शंभर कोटी घनफुटांचा असून, त्याचे २८.३ दशलक्ष घनमीटर होतात.

घनता म्हणजे काय

पाण्याव्यतिरिक्त इतर पदार्थांचा एक लिटर किती किलो भरतो, या आकड्याला त्या पदार्थाची घनता म्हणतात. पाण्याशीं तुलना करून काढलेल्या याच आकड्याला जुन्या पुस्तकांत विशिष्ट गुरुत्व म्हटलेलें आढळेल. शेतकऱ्याला नेहमीं लागणाऱ्या पदार्थांचे आकडे खालीं देतों. हे सरासरीचे आहेत. जात, ओल व उष्णता यांप्रमाणें त्यांत थोडाबहुत फरक पडतो.

एका लिटराचें वजन :
पाणी : १ किलो
गायीचें वा म्हशीचें दूध : सुमारें १.०३ किलो
मध : सुमारें १.४० किलो
शेंगदाण्याचें तेल : सुमारें ०.९१ किलो
पातळ तूप : सुमारें ०.९१ किलो
डिझेल : सुमारें ०.८३ किलो
गहूं : सुमारें ०.७७ किलो
ज्वारी : सुमारें ०.७३ किलो
सोयाबीन : सुमारें ०.७३ किलो
भात, टरफलासह : सुमारें ०.५७ किलो
भुइमुगाच्या शेंगा : सुमारें ०.३० किलो
युरिया : सुमारें ०.७५ किलो
डी.ए.पी. खत : सुमारें ०.९५ किलो
कोरडी वाळू : सुमारें १.६ किलो

येथें कोणी विचारील कीं, गव्हाचा दाणा पाण्यांत बुडतो, म्हणजे तो पाण्याहून जड आहे; मग लिटरभर गहूं लिटरभर पाण्यापेक्षां हलके कसे? याचें उत्तर दाण्यांमधल्या पोकळींत आहे. भांड्यांत दाणे भरले तरी त्यांच्यामध्यें हवा राहते, व भांडें त्या हवेचेंही माप धरतें. भांडें आपटलें, हलविलें, कीं दाणे खालीं बसतात व आणखी दाणे मावतात. म्हणून दाणेदार व पुडीच्या पदार्थांचें माप भरणाराच्या हातावर अवलंबून असतें, आणि वजनावर त्याचा कांहीं परिणाम होत नाहीं. धान्य मापानें न विकतां तोलून विकावें असें आम्ही आग्रहानें सांगतों, तें याच कारणास्तव.

गुणावें कीं भागावें

नियम दोनच आहेत. लिटरांचे किलो करावयाचे असतील तर लिटरांना घनतेनें गुणावें. किलोंचे लिटर करावयाचे असतील तर किलोंना घनतेनें भागावें.

गुणावें कीं भागावें याविषयीं मनांत गोंधळ झाल्यास एक पडताळा पहावा. तेल पाण्यावर तरंगतें, म्हणजे तें हलकें. तेव्हां तेलाचे किलो नेहमीं लिटरांपेक्षां कमी आले पाहिजेत. दूध व मध पाण्याहून जड. त्यांचे किलो लिटरांपेक्षां अधिक आले पाहिजेत. उत्तर याच्या उलट आलें, तर गुणाकाराच्या जागीं भागाकार झाला आहे असें समजावें. आतां हाच नियम एकेका व्यवहाराला लावून पाहूं.

दूध

समजा, एका शेतकऱ्याचें रोजचें दूध २० लिटर आहे. २० ला १.०३ नें गुणलें असतां २०.६ किलो येतात. भाव किलोवर ठरला असून माप लिटराचें घेतलें व २० लिटरांचे २० किलोच धरले, तर रोज ६०० ग्रॅम दूध फुकट जातें. वर्षाचे ३६५ दिवस धरतां हें २१९ किलो झालें. किलोस ४० रुपये भाव धरल्यास ८,७६० रुपये होतात. एवढ्या रकमेंत जनावरांच्या खुराकाचीं कित्येक पोतीं येतील.

हिशोब दुसऱ्या बाजूनेंही समजून घ्यावा. कांट्यावर २० किलो दूध भरलें व पावतीवर १९.४२ लिटर आले, तर ती लबाडी नव्हे. २० ला १.०३ नें भागलें असतां तेंच उत्तर येतें. मात्र अशा वेळीं लिटराचा भावही किलोच्या भावाच्या १.०३ पट असला पाहिजे. किलोस ४० रुपये आणि लिटरास ४१ रुपये २० पैसे हे एकच भाव होत. कांट्यावरचा आकडा किलोचा कीं लिटराचा, आणि भाव कशावर, हे दोन प्रश्न प्रत्येक दूध उत्पादकानें विचारलेच पाहिजेत.

स्निग्धांशाचा टक्का, ज्यास आपण फॅट म्हणतों, तो वजनावर असतो. ६ टक्के म्हणजे १०० ग्रॅम दुधांत ६ ग्रॅम. भाव स्निग्धांशाच्या किलोवर असेल तेव्हां प्रथम दुधाचे किलो करून मग टक्का काढावा. वरच्या उदाहरणांत २०.६ किलोंवर १.२३६ किलो स्निग्धांश येतो. २० वर काढला तर १.२ किलो. रोजचा फरक ३६ ग्रॅमांचा, वर्षाचा १३ किलोंहून अधिक.

लॅक्टोमीटर नांवाची जी कांचेची नळी दुधांत सोडतात, तीही घनताच दाखविते. तीवर २८ अंश आले म्हणजे दुधाची घनता १.०२८. नळीवर जी उष्णता नमूद असेल तीच दुधाची असावी, नाहीं तर आकडा दुरुस्त करून घ्यावा लागतो. दुधांत पाणी घातलें असतां अंश उतरतात. पण साय काढून घेतली असतां ते चढतात, कारण साय दुधापेक्षां हलकी असते. म्हणून थोडी साय काढून थोडें पाणी घालणाराची लबाडी केवळ या नळीनें पकडतां येत नाहीं. तिच्या जोडीला स्निग्धांशाची परीक्षा लागतेच.

तेल व तूप

तेलाच्या बाबतींत फरक मोठा, म्हणजे शेंकडा नऊ इतका आहे. १५ किलो शेंगदाण्याचें तेल म्हणजे १५ भागिले ०.९१, अर्थात् सुमारें १६.५ लिटर. उलट १५ लिटर तेल म्हणजे १३.६५ किलो. दोन्ही डबे दुकानांत शेजारीं शेजारीं ठेवले तर बाहेरून सारखेच दिसतील. पण आंत १ किलो ३५० ग्रॅमांचा फरक आहे. किलोस १८० रुपये भाव धरला तर हा फरक २४३ रुपयांचा झाला. भावाची तुलना करतांना दोन्ही डबे किलोवर आणावे व मगच स्वस्त कोणता तें ठरवावें.

घाण्यावर दाणे देतांना ही गोष्ट अधिक महत्त्वाची. समजा, १०० किलो शेंगदाणे दिले व उतारा शेंकडा ४० ठरला. उतारा वजनाचा असल्यामुळें ४० किलो तेल यावयास पाहिजे. लिटरानें मोजून घ्यावयाचें तर तें ४४ लिटर झालें. त्याऐवजीं कोणी ४० लिटर मोजून दिले, तर शेतकऱ्याच्या घरीं ३६.४ किलोच आले व ३.६ किलो तेल घाण्यावर राहिलें. पेंड ठेवून घेण्याचा करार निराळा. हें तेल कोणत्याही करारांत नसतें.

तेलाचा आणखी एक स्वभाव असा कीं, तापल्यावर तें फुगतें. सोयाबीनच्या तेलाचा लिटर २१ अंश उष्णतेला सुमारें ९१९ ग्रॅम भरतो, तर ६० अंशांना सुमारें ८९३ ग्रॅमच. पूर्वीं कांहीं कारखानदार पिशवीवर मापाबरोबर अधिक उष्णतेचा आकडा छापीत, व त्यामुळें गिऱ्हाइकास तेल कमी मिळे. ऑगस्ट २०२२ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें, उष्णतेचा उल्लेख न करतां माप व त्याच्या जोडीला वजनही छापावें, असें तेल उत्पादकांस कळविलें. घरचें तूप विकणाऱ्या बंधुभगिनींनींही हेंच करावें : बरणी मापाची असली तरी भाव वजनाचा सांगावा.

धान्य व त्याची सांठवण

धान्य विकावयाचें तराजूनें. पण सांठवावयाची जागा मात्र मापाची असते. येथें रूपांतर करणें भागच पडतें. वाटोळ्या कणगीचें आकारमान काढावयाचें तर व्यासाला व्यासानें गुणावें, त्यास ०.७८५ नें गुणावें, व शेवटीं उंचीनें गुणावें. सर्व आकडे मीटरांत असावे. दीड मीटर व्यासाची व दोन मीटर उंचीची कणगी असेल तर १.५ गुणिले १.५ गुणिले ०.७८५ गुणिले २, म्हणजे ३.५३ घनमीटर, अर्थात् ३५३० लिटर. यांत गहूं भरले तर ०.७७ नें गुणून सुमारें २७ क्विंटल मावतील. भात भरलें तर ०.५७ नें गुणून सुमारें २० क्विंटलच. 'आमच्या कणगींत सत्तावीस क्विंटल मावतात' असें नुसतें म्हणणें म्हणूनच अपुरें. कशाचे क्विंटल, हें सांगितलें पाहिजे.

तराजूही एका बाबतींत फसवितो, ती म्हणजे ओल. शेंकडा १८ ओलीचें १०० किलो सोयाबीन वाळवून १२ टक्क्यांवर आणलें तर पदार्थ ८२ किलोच राहतो, व तो एकंदर वजनाच्या ८८ टक्के होतो. म्हणून ८२ भागिले ०.८८ करून ९३.२ किलो उरतात. अशा मालावर ओलीबद्दल क्विंटलामागें सात किलोंपर्यंत कपात हिशोबांत बसते; दहा किलो कापले तर तीन किलोंचा जाब विचारावा.

खतें व औषधें

खत फेंकतांना आपण घमेल्यांचा हिशोब करतों. दहा लिटरांचें घमेलें सपाट भरलें तर युरिया सुमारें साडेसात किलो बसतो व डी.ए.पी. सुमारें साडेनऊ किलो. एका खताची अटकळ दुसऱ्याला लावूं नये. युरियाचें पोतें २०१८ पासून ५० किलोंऐवजीं ४५ किलोंचें झालें आहे; त्यांत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. जुन्या पोत्यांवर बसविलेलें एकरी प्रमाण अजून कोणी चालवीत असेल, तर त्याच्या शेतांत पोत्यामागें २.३ किलो नत्र कमी पडतें.

औषधांची गोष्ट याहून नाजूक आहे. चिठ्ठीवर ग्रॅम लिहिले असतील तर तराजू घ्यावा, मिलिलिटर लिहिले असतील तर रेघांचें मोजपात्र घ्यावें. या दोहोंची अदलाबदल करूं नये. पुडीचें औषध बाटलीच्या टोपणानें मोजणें हा फार प्रचलित दोष आहे. टोपणावरच्या रेघा मिलिलिटरांच्या असतात, आणि पूड हलकी व फुगीर असल्यामुळें तितके ग्रॅम त्यांत मावत नाहींत; दाबून भरली तर पुन्हां निराळेंच प्रमाण होतें.

बाटलीवरचे टक्केही समजून घ्यावे. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचें उदाहरण घेऊं. एका बाटलीवर १७.८ टक्के असें असतें, तर दुसरीवर लिटरास २०० ग्रॅम असें. दुसरी अधिक जोरकस आहे असा भास होतो. पण दोन्ही एकच. पहिला आकडा वजनाशीं वजनाचा आहे. या द्रवाचा लिटर सुमारें १.१२ किलो भरतो, व ११२० ग्रॅमांचे १७.८ टक्के केले कीं २०० ग्रॅम येतात. घनतेची माहिती नसलेला मनुष्य येथें एकीची मात्रा वाढवील नाहीं तर दुसरीची कमी करील.

फवारणीचें प्रमाण पंपावर आणतांना त्रैराशिक करावें. चिठ्ठींत हेक्टरीं ५०० मिलिलिटर औषध व ५०० लिटर पाणी असेल, तर लिटरास १ मिलिलिटर झालें. १५ लिटरांच्या पंपास १५ मिलिलिटर. हेक्टर अडीच एकरांचें धरलें तर एकरी २०० मिलिलिटर औषध व २०० लिटर पाणी लागेल. औषधाचें मोजपात्र निराळें ठेवावें. तें स्वयंपाकघरांत जातां कामा नये.

ब्रासचा हिशोब

वाळू, मुरूम व गाळ यांचें शासकीय स्वामित्वधन ब्रासवर आकारतात, पण गाडी वजनकांट्यावर टनांत तोलली जाते. तेव्हां येथेंही रूपांतर लागतें. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात् २.८३ घनमीटर. कोरड्या वाळूची घनता १.६ धरली तर ब्रासचें वजन सुमारें साडेचार टन होतें. ओल असली तर हा आकडा बदलतो. शेणखताचेंही असेंच : ओल्या खताच्या ट्रॉलीचें वजन पुष्कळ भरतें, पण त्यांत पाण्याचा भाग मोठा असतो. म्हणून शेणखत वजनानें घ्यावयाचें तर वाळलेलें घ्यावें.

घरच्या घरीं घनता काढण्याची रीत

वरच्या यादींत नसलेल्या पदार्थाची घनता काढण्यास प्रयोगशाळा नको. एक रिकामा डबा व भरंवशाचा कांटा पुरे. प्रथम रिकामा डबा तोलावा. नंतर तो कांठोकांठ पाण्यानें भरून तोलावा. दोन वजनांतला फरक जितके किलो, तितके लिटर त्या डब्यांत मावतात. पाण्याचा दुवा येथें उपयोगी पडतो. मग डबा कोरडा करून त्यांत पाहिजे तो पदार्थ भरावा, फळीनें सपाट करावा व तोलावा. पदार्थाच्या वजनाला डब्याच्या लिटरांनीं भागलें कीं घनता आली.

उदाहरणार्थ, रिकामा डबा १ किलो भरला व पाण्यासह १७.५ किलो, म्हणजे डबा १६.५ लिटरांचा. गव्हासह तो १३.७ किलो भरला. म्हणजे गहूं १२.७ किलो. १२.७ भागिले १६.५ म्हणजे ०.७७. दरवर्षीं नव्या धान्याचा हा आकडा काढून ठेवावा. भरीव दाण्याचा आकडा अधिक येतो, पोचट दाण्याचा कमी. त्यामुळें मालाची प्रतही कळते.

कांट्यावर वैध मापन शास्त्र यंत्रणेचा शिक्का आहे कीं नाहीं व त्याची मुदत संपली आहे काय, हें पाहण्याचा प्रत्येक विक्रेत्यास व गिऱ्हाइकास हक्क आहे. तो बजावण्यांत संकोच धरूं नये.

सारांश

एक : लिटर व किलो हीं फक्त पाण्यापुरतीं सारखीं.
दोन : लिटरांचे किलो करतांना घनतेनें गुणावें, किलोंचे लिटर करतांना भागावें, आणि पदार्थ पाण्याहून जड कीं हलका हें आठवून उत्तराचा पडताळा पहावा.
तीन : विक्री शक्य तेथें तराजूनें करावी, मापानें करणें भागच असेल तर भाव कशावर आहे तें आधीं ठरवावें.
चार : औषधांत ग्रॅमांच्या जागीं मिलिलिटर वा मिलिलिटरांच्या जागीं ग्रॅम कधींही घेऊं नयेत.

शेवटीं एक सवय लावून घेण्याची विनंति करतों. दप्तरांत एककाशिवाय लिहिलेला आकडा आम्ही कधीं ग्राह्य धरीत नसूं, कारण नुसत्या 'वीस' या आकड्यावरून वीस काय, हें पुढें कोणालाच सांगतां येत नाहीं. शेतकऱ्याची नोंदवही हेंही त्याचें दप्तरच आहे. दुधाची पावती असो, घाण्याची चिठ्ठी असो वा मजुराच्या हातीं दिलेला औषधाचा कागद असो, त्यावर आकड्यापुढें किलो, लिटर, ग्रॅम अथवा मिलिलिटर हा शब्द पुरा लिहावा व दुसऱ्याकडून लिहून घ्यावा. तो शब्द लिहिण्यास शाई फार लागत नाहीं, आणि पुढें हिशोबाचा तंटा उभा राहिला तर शेतकऱ्याच्या हातीं पुरावा म्हणून तोच राहतो.